गोल्फ आर, डब्ल्यूआरएक्स की जीआर कोरोला? रोज चालवायची आणि पुढे ट्यून करायची असेल तर

डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्याला ऑल-व्हील ड्राइव्ह कशाला हवी, हे समजावून सांगावं लागत नाही. जानेवारीत सकाळी साडेसहाला घरासमोर चार इंच बर्फ पडलेला असतो, मीठ टाकणारा ट्रक अजून आपल्या गल्लीत फिरकलेला नसतो, आणि तरी मुलीला शाळेत सोडून साडेआठला ऑफिसात पोचायचंच असतं. पण रोजच्या त्या तासाभरात गाडी चालवायला मजाही यावी, असं वाटणारे आपल्यात बरेच आहेत. मंडळाच्या गणपतीत जेवणाचं ताट घेऊन दरवर्षी कुणीतरी शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, "दादा, गोल्फ आर, डब्ल्यूआरएक्स, जीआर कोरोला, या तिघींपैकी कुठली घेऊ? पुढे ट्यून करायचीय." ट्यून म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. ताटावर बसून याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे नीट लिहितो.

मी स्वतः सुबारूची मॅन्युअल डब्ल्यूआरएक्स चालवतो. मेव्हण्याकडे फोक्सवॅगनची २०२३ ची गोल्फ आर आहे, ती वर्षातून बरेचदा माझ्या हातात असते. एका मित्र जोडप्याची जीआर कोरोला आठवडाभर माझ्याकडे होती. म्हणजे तिन्ही गाड्या बर्फात, पावसात, खड्ड्यांत आणि किराणा सामानासकट चालवून झाल्या आहेत.

आधी आकडे. डब्ल्यूआरएक्सला २.४ लिटरचं टर्बो बॉक्सर इंजिन आहे, ताकद २७१ हॉर्सपॉवर. गोल्फ आरचं इंजिन २.० लिटरचं; २०२२ ते २०२४ च्या गाड्या ३१५ हॉर्सपॉवरच्या, २०२५ पासून ३२८. जीआर कोरोलाचं इंजिन तीन सिलिंडरचं, अवघ्या १.६ लिटरचं, आणि त्यातून टोयोटाने ३०० हॉर्सपॉवर काढले आहेत. आता प्रत्येक इंजिनाची ताकद त्याच्या लिटरांनी भागून बघा. डब्ल्यूआरएक्स लिटरमागे ११३ च्या आसपास, नवी गोल्फ आर १६४, जीआर कोरोला १८७. ट्यून करायच्या आधी माझ्या मते हा हिशोब सगळ्यात महत्त्वाचा आहे. जी गाडी कारखान्यातूनच इतकी ताणून आली आहे, तिच्यात अजून काढण्यासारखं कमी उरतं, आणि जे काढाल ते महाग पडतं. याचा अर्थ डब्ल्यूआरएक्समधून वाट्टेल तेवढं निघतं असा मात्र नाही. तिचा टर्बो लहान आहे, मॅन्युअल गिअरबॉक्सला क्लच आपटून केलेले लाँच मानवत नाहीत, आणि ऑटोमॅटिक घेतलीत तर तिथे सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स, आहे. ट्यून करायच्या इराद्याने सीव्हीटीची गाडी घेऊ नका. डब्ल्यूआरएक्सचा जीटी ट्रिम फक्त सीव्हीटीत येतो, त्यामुळे त्यातल्या रेकारो सीट कितीही आवडल्या तरी तो आपल्या कामाचा नाही.

चारही चाकांना ताकद पोचवायची तिघींची तऱ्हा वेगवेगळी आहे, आणि बर्फात ती लगेच हाताला कळते. मॅन्युअल डब्ल्यूआरएक्समध्ये मधल्या डिफरेन्शियलमध्ये (ताकद वाटून देणाऱ्या गिअरमध्ये) व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट द्रवावर चालणारा जोड, आहे, पुढे-मागे निम्मी-निम्मी ताकद कायम जाते. वाट बघणं नाही, की कुठल्या सेन्सरने ठरवणं नाही. सिग्नल हिरवा झाला की घसरड्या चौकातून ती रांगत, पण न डगमगता निघते. गोल्फ आरच्या मागच्या डिफरेन्शियलमध्ये दोन्ही चाकांना स्वतंत्र क्लच आहेत. मागे आलेली सगळी ताकद ती हवं तर एकाच चाकाला देते. वळणावर बाहेरचं चाक ढकललं जातं आणि गाडी आत वळते, पाठीला हलका रेटा बसल्यासारखं होतं. २०२३-२४ च्या जीआर कोरोलात पुढे-मागे ६०:४०, ५०:५० किंवा ३०:७० अशी विभागणी चालवणाऱ्याला निवडता येते, आणि मर्यादित घसरणीचे टॉर्सन डिफरेन्शियल पुढे-मागे दोन्हीकडे बसवलेली गाडी मिळते. रिकाम्या, बर्फाळ पार्किंग लॉटमध्ये सर्वात जास्त हसू तिनेच आणलं, हे कबूल करतो. पण ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतात ते टायर. तिघींपैकी कुठलीही घ्या, स्नो टायरचा वेगळा सेट किमतीत धरूनच बजेट ठरवा.

टायरवरून रिमांचं आठवलं. गोल्फ आर १९ इंची रिमवर येते, टायरची बाजूची उंची रुंदीच्या जेमतेम ३५ टक्के. मार्चमध्ये बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि मिशिगनच्या रस्त्यांची चाळण होते. मेव्हण्याचं पुढचं उजवं रिम अशाच एका खड्ड्यात वाकलं. त्यानंतर त्याने हिवाळ्यासाठी १८ इंचांचा सेट घेतला, आणि आता तो उन्हाळ्यातही १८ वरच चालवतो. बहुतेक डब्ल्यूआरएक्स आणि जीआर कोरोला १८ इंचांवर ४० टक्क्यांच्या टायरसह येतात. खड्डा त्यांनाही कळतो, पण पोटात गोळा येत नाही. सस्पेन्शनच्या बाबतीत उलटं आहे. गोल्फ आरचं सस्पेन्शन बटणावर मऊ-कडक होतं, कम्फर्टमध्ये टाकली की आईला एअरपोर्टवरून आणताना तिला झोप लागते. जीआर कोरोला नेहमीच कडक. वीस मिनिटांच्या प्रवासाला ठीक आहे, पण शिकागोपर्यंत साडेचार तास बसलो तेव्हा तिघेही कंबर धरून उतरलो.

आणि मागची सीट. जीआर कोरोला घ्यायला जाल तेव्हा मुलाची कार सीट सोबत न्या. मागे पाय ठेवायला २९.८ इंच जागा आहे. गोल्फ आरमध्ये ३५, डब्ल्यूआरएक्समध्ये ३६.५. मागे तोंड करून बसवायची तान्ह्या बाळाची सीट आम्ही कोरोलात बसवली, तर पुढची सीट इतकी सरकवावी लागली की माझ्या बायकोचे गुडघे ग्लोव्ह बॉक्सला टेकले. डिक्कीत गोल्फ पुढे: १९.९ घनफूट, कोरोला १७.८, आणि डब्ल्यूआरएक्स सेडान असल्यामुळे १२.५. भारतातून पाहुणे आले आणि दोन मोठ्या बॅगा असल्या की माझ्या गाडीत एक बॅग मागच्या सीटवर बसून येते.

गोल्फ आरची एक गोष्ट मला मनापासून खटकते. आवाज आणि एसीच्या तापमानासाठी खरी बटणं नाहीत, बोट सरकवायच्या पट्ट्या आहेत, आणि २०२४ पर्यंतच्या गाड्यांत त्या पट्ट्यांना रात्री उजेडही नाही. उणे पंधरात हातमोजे घालून अंधारात चाचपडणं म्हणजे रोजची कटकट. २०२५ मध्ये उजेड आला. पण त्याच वर्षी मॅन्युअल गिअर गेला. आता नवी गोल्फ आर फक्त डीएसजीवर, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकवर मिळते. क्लचवर जीव असेल तर २०२२ ते २०२४ ची वापरलेली शोधा. जीआर कोरोलाची वाट उलट: आधी फक्त मॅन्युअल होती, २०२५ पासून आठ गिअरची ऑटोमॅटिकही मिळते. तिच्या एसीला साधी फिरवायची बटणं आहेत, बघूनच बरं वाटतं.

आता ट्यूनिंग. इथे जरा थांबतो, कारण इथेच पैसे बुडतात. आणि माझे बुडालेत.

माझी आधीची टर्बो गाडी, कुठली ते सांगत नाही, मी एका दुकानात ट्यून करून घेतली. त्यांनी माझ्या गाडीचा एकही लॉग (चालताना कॉम्प्युटरने नोंदवलेले आकडे) न बघता तयार फाइल भरून दिली. पहिले तीन महिने स्वर्ग. मग एक दिवस हायवेच्या रॅम्पवर पाचव्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आरशात निळा धूर दिसला. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजलं तेव्हा तीन सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले आणि चौथ्यावर गेजचा काटा निम्म्यावरच थांबला. मेकॅनिकने काही न बोलता गेज माझ्या हातात दिला. पिस्टनच्या रिंगा बसतात ती कडा तुटली होती.

तेव्हापासून शिकलो ते असं. छोट्या, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनाला कमी आरपीएमवर मोठा बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, हा सगळ्यात धोक्याचा. मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. म्हणून चढावर किंवा ओव्हरटेकला आधी गिअर उतरवा, मग दाबा. तेल किमान एपीआय एसपी दर्जाचं घाला, तो दर्जा हे अवेळी पेटणं आवरण्याच्या कसोटीवर तपासलेला असतो. ट्यून तुमच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलचाच हवा: आमच्याकडे ९३ ऑक्टेन मिळतं, कॅलिफोर्नियात साधारण ९१, आणि ९३ ची फाइल ९१ वर चालवणं म्हणजे गाडीशी वैर. ई८५ चा, म्हणजे भरपूर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, मोह पडला तर हेही लक्षात घ्या की त्यातलं इथेनॉल ऋतूप्रमाणे ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत बदलतं. इथेनॉल मोजणारा सेन्सर बसवल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

गोल्फ आर ट्यूनला सर्वात पटकन प्रतिसाद देते. एकही पार्ट न बदलता, नुसत्या सॉफ्टवेअरवर, फरक पहिल्याच सिग्नलला कळतो. पण इंजिनाबरोबर डीएसजीचाही ट्यून लागतो, नाहीतर गिअरबॉक्स स्वतःच ताकद रोखून धरतो किंवा त्याचे क्लच घसरतात. तो खर्च आधीच धरा, आणि डीएसजीचं व मागच्या डिफरेन्शियलचं तेल वेळच्या वेळी बदला. डब्ल्यूआरएक्सचं बळ तिच्यामागच्या माणसांत आहे. सुबारू ट्यून करणाऱ्यांची अमेरिकेत वीस वर्षांची परंपरा आहे, लॉग वाचता येणारा माणूस कुठल्याही मोठ्या शहरात सापडतो. गाडीचा कॉम्प्युटर नॉक, म्हणजे अवेळी पेटण्याचा ठोका, ऐकून स्वतःवरचा भरवसा एका आकड्यात दाखवतो, तो १ वर असला पाहिजे. मी दर टाकीला तो बघतो. खाली आला की पेट्रोल वाईट किंवा काहीतरी बिघडतंय. हे शिकायची आवड असेल तर डब्ल्यूआरएक्ससारखी शाळा नाही. जीआर कोरोलाच्या इंजिनाला पोर्ट आणि थेट अशी दोन्ही इंजेक्शनं आहेत, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी कमी साचते. उरलेल्या दोघींत ती काळजी घ्यावी लागते. पण कोरोला ट्यून करणारी अनुभवी दुकानं कमी, आणि मुळात तिला ट्यूनची गरज मला वाटली नाही. चांगले टायर, चांगलं ब्रेक फ्लुइड, बस.

वॉरंटीबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार नुसता बाहेरचा पार्ट बसवला म्हणून कंपनीला सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे दिसावं लागतं. पण इंजिन ट्यून करून इंजिन गेलं तर तो संबंध दाखवायला कुणाला कष्ट पडत नाहीत. फोक्सवॅगनच्या डीलरकडे गाडी स्कॅनरला लावली आणि बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं, तर टीडी१ अशी नोंद पडते. मूळ सॉफ्टवेअर परत भरून ती पुसली जात नाही. सुबारू आणि टोयोटा इंजिन-गिअरबॉक्सला पाच वर्षं किंवा ६०,००० मैल देतात, फोक्सवॅगन सगळं मिळून चार वर्षं किंवा ५०,०००. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी आणखी सांभाळा: जुलै २०२१ पासून तिथल्या स्मॉग तपासणीत बेकायदा बदललेलं सॉफ्टवेअरही पकडतात. तिथे कार्बचा, म्हणजे तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा, ईओ (परवानगीचा) नंबर असलेलाच पार्ट घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं तर देशभर बेकायदा आहे, आणि शेजाऱ्यांच्या मुलांनी तो धूर का घ्यावा?

सुबारूची जुनी एसटीआय किंवा मित्सुबिशीची इव्हो घेऊ का, असंही विचारतात. इव्हो २०१५ मध्ये संपली, एसटीआय २०२१ च्या मॉडेलबरोबर. दोन्ही गाड्यांवर माझं प्रेम आहे, पण आज बाजारात आहेत त्या बहुतेक आधीच कुणीतरी ट्यून करून रगडलेल्या. घरात दुसरी गाडी असेल तरच. पुण्याहून भाऊ विचारतो, त्याला या तिघींपैकी एकही भारतात मिळत नाही. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आली, पण ती पुढच्या चाकांवर चालते. तिथे या जातीची गाडी म्हणजे बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह, चेन्नईत जुळवलेली, २०२१ पासून मिळणारी. बजेट मात्र दुसऱ्याच जगातलं.

तर माझा सल्ला. लहान मुलं असतील, एकच गाडी असेल आणि वॉरंटी संपल्यावर ट्यून करायची असेल, तर गोल्फ आर. मी डब्ल्यूआरएक्सवाला असूनही हेच सांगतो. नव्या गाड्यांत ती डब्ल्यूआरएक्सहून बरीच महाग पडते. तेवढे पैसे नसतील, मॅन्युअल हवा असेल आणि रविवारी हात काळे करायला आवडत असेल, तर डब्ल्यूआरएक्स; वाचलेल्या पैशांत स्नो टायर, ब्रेक आणि चांगला ट्यूनर तिन्ही बसतात. घरात दोघंच असाल आणि ट्यूनच्या फंदात पडायचं नसेल, तर जीआर कोरोला आहे तशी चालवा.

बघायला जाताना डीलरच्या ठरलेल्या रस्त्यावर नका चालवू. तुमचा ऑफिसचा रस्ता धरा, शक्यतो सकाळी, इंजिन थंड असताना. डब्ल्यूआरएक्सचा दुसरा गिअर थंडीत पहिल्या दोन मैलांत अडल्यासारखा जातो. माझ्या हाताला ते आता आवडतं. बायको अजून म्हणते, मेव्हण्याची गाडी आणूया.