डबीवर माझं नाव होतं, आत माहितीपत्रक नव्हतं

न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे निम्मं वाण आणि निम्म्या दुखण्याखुपण्याच्या गप्पा. 2022 च्या संक्रांतीला मी बावन्न वर्षांची होते. पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि रात्री तीन-तीनदा उठून घामाने भिजलेला गाऊन बदलत होते. बाहेर बर्फ पडतोय, नवरा दोन रजयांत गुंडाळलेला आणि मी खिडकी उघडून उभी. हे बोलून गेले, तर एका वहिनींनी लगेच फोनमधून एका क्लिनिकचा नंबर काढून दिला. "अगं, अगदी नैसर्गिक आहे. कंदापासून करतात. आपल्या शरीरात असतात तेच हार्मोन, ब्लाउज शिवावा तसे तुझ्या मापाचे करून देतात."

मी फसले त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरही थोडे कारणीभूत आहेत. सात मिनिटांत "वयाचं आहे, होईल कमी" म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं होतं. शिवाय 2002 मध्ये अमेरिकेतला मोठा हार्मोन-अभ्यास स्तनांच्या कॅन्सरचा धोका दिसल्यामुळे मध्येच थांबवला, ती बातमी डोक्यात पक्की बसलेली. क्लिनिकमधल्या बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "त्या अभ्यासातलं इस्ट्रोजेन घोडीच्या मूत्रातून काढलेलं होतं. आमचं बायोआयडेंटिकल आहे, म्हणजे हुबेहूब शरीरातल्यासारखं." घोडीचं खरंच आहे. अर्धी गोष्ट खरी असली की उरलेली अर्धी आपण तपासत नाही.

आधी थुंकीची तपासणी, 285 डॉलर. चार नळ्या घरी पाठवल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशी त्यांत थुंकी भरायची. कोरड्या तोंडाने नळी भरायला वीस मिनिटं लागायची. रंगीत आलेखांचा रिपोर्ट आला: इस्ट्रोजेन तळाला. पाळी गेलेल्या बाईचं ते तळालाच असणार, हे तेव्हा सुचलं नाही. थुंकीतले आकडे दिवसभर वरखाली होतात, त्यावरून डोस ठरवता येत नाही आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी करू नका म्हणतात, हे सगळं नंतर कळलं.

औषध दुसऱ्या राज्यातल्या फार्मसीतून कुरिअरने आलं. दोन पांढऱ्या डब्या. बूड फिरवलं की 'टक्' वाजतं आणि वर मोजकं क्रीम येतं, ते मनगटाला चोळायचं. लेबलवर माझं नाव, एकीवर 'बायएस्ट 80:20', म्हणजे दोन इस्ट्रोजेनचं मिश्रण, आणि दुसरीवर 'प्रोजेस्टेरॉन'. साध्या ॲसिडिटीच्या गोळीच्या खोक्यातही घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो. इथे काहीच नव्हतं. मला वाटलं, नैसर्गिक आहे म्हणून लागत नसेल.

तीन आठवड्यांत झोप लागायला लागली. हे लपवणार नाही. मी स्वतः दोघींना नंबर दिला.

आठव्या महिन्यात चादरीवर डाग दिसला. क्लिनिकला फोन केला. "शरीर जुळवून घेतंय, प्रोजेस्टेरॉनचा एक टक् वाढवा." वाढवला. असे आणखी दोन महिने घालवले. मग पुण्याच्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर सहज सांगितलं, तर ती एकदम गप्प झाली. "पाळी गेल्यावर अंगावरून लाल जातंय आणि तू टक् मोजत बसलीयेस? सोनोग्राफी केलीस का?"

केली. गर्भाशयाचं अस्तर 11 मिलिमीटर. पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल आणि अस्तर 4 च्या वर असेल, तर तुकडा काढून तपासतात. रिपोर्ट यायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस कसे गेले ते इथे लिहीत नाही. कॅन्सर नव्हता. अस्तर जाड झालेलं, पण पेशी बिघडलेल्या नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलं, इस्ट्रोजेन अंगात जात होतं. ज्याने अस्तर आवरायचं ते प्रोजेस्टेरॉन कातडीतून पुरेसं पोचत नव्हतं. गर्भाशय शाबूत असलेल्या बाईने त्या क्रीमच्या भरवशावर राहायचं नसतं.

मी फार्मसीला फोन लावला. हे क्रीम अंगात किती जातं, हे कशावर तपासलंय? पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला, "मॅडम, आमची कंपाउंडिंग फार्मसी आहे. आमच्या मिश्रणांना एफडीएची मंजुरी लागत नाही." एफडीए म्हणजे औषधांना मंजुरी देणारं अमेरिकेचं सरकारी खातं. माहितीपत्रक? तेही बंधनकारक नाही. क्लिनिकच्या भिंतीवर 'परवानाधारक फार्मसी' लिहिलं होतं, तेही खोटं नव्हतं. परवाना दुकानाला होता, औषधाला मंजुरी नव्हती. हा फरक मला बावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हता.

तर ही व्यवस्था अशी. एका पेशंटच्या चिठ्ठीवर मिश्रण करून देणाऱ्या कंपाउंडिंग फार्मस्या अमेरिकेच्या औषध कायद्याच्या कलम 503ए खाली येतात. त्यांच्यावर मुख्य देखरेख राज्याच्या फार्मसी बोर्डाची असते, आणि औषधाने काही झालं तरी ते एफडीएला कळवणं त्यांना सक्तीचं नाही. 2012 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग केंद्राच्या इंजेक्शनांत बुरशी निघाली. साडेसातशेच्या वर लोकांना बाधा झाली, साठाहून जास्त दगावले. त्यानंतर 2013 मध्ये कायदा होऊन 503बी हा वेगळा वर्ग आला. त्यातल्या कारखान्यांना एफडीएकडे नोंदणी, तपासण्या आणि दुष्परिणाम कळवणं हे सगळं आहे. पण त्यांचं औषधही 'मंजूर' नसतंच. माझ्या बायएस्टमध्ये 80 टक्के एस्ट्रिऑल हा इस्ट्रोजेनचा प्रकार होता, आणि एस्ट्रिऑल असलेलं एकही औषध एफडीएने मंजूर केलेलं नाही. याच विषयावर 2018 मध्ये एफडीएने त्वचेखाली हार्मोनच्या गोळ्या बसवणारी एक कंपनी तपासली, तेव्हा न कळवलेल्या 4,202 तक्रारी सापडल्या.

सगळ्यात जास्त संताप वेगळ्याच गोष्टीचा आला. 'शरीरातल्यासारखंच' इस्ट्रोजेन, म्हणजे एस्ट्रॅडिऑल, कोपऱ्यावरच्या साध्या फार्मसीत पॅचमध्ये मिळतं, तपासलेलं, मंजूर. तसंच प्रोजेस्टेरॉन कॅप्सूलमध्ये अमेरिकेत 1998 पासून आहे. कंदातला किंवा सोयाबीनमधला कच्चा माल घेऊन हे दोन्ही हार्मोन कारखान्यातच बनतात, क्लिनिकचेही आणि कोपऱ्यावरचेही. पुण्याची बहीण तीच कॅप्सूल रात्री घेते. मी ऐकवल्यावर म्हणाली, "म्हणजे तू स्पेशल म्हणून माझंच औषध न तपासलेलं घेतलंस!"

कंपाउंडिंग म्हणजेच लबाडी, असं नाही. त्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं; ज्यांना शेंगदाणा चालत नाही त्यांनी काय करायचं? 2020 मध्ये नॅशनल ॲकॅडमीज या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या समितीनेही साधारण हेच म्हटलं, अशा खऱ्या गरजेपुरतंच वापरा. मला शेंगदाण्याचा त्रास नाही, मी दाण्याची चिक्की वाटीने खाते. म्हणून तुम्हाला कोणी असं क्रीम दिलं, तर आधी एवढंच विचारा: हेच मंजूर औषधात मिळत असताना माझ्यासाठी वेगळं का? आणि लाल गेलं तर फोनवर टक् वाढवून घेऊ नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.

माझे एकूण 1870 डॉलर गेले, विम्याने एक पैसा दिला नाही. 'औषध सुरू केल्यावर परतावा नाही' या ओळीखाली माझीच सही होती. फार्मसी बोर्डाकडे तक्रार केली, दुष्परिणाम कळवण्याच्या एफडीएच्या मेडवॉच या सोयीवर फॉर्म भरला. ज्या दोघींना मी नंबर दिला होता त्यांना फोन केला. एकीने सुरूच केलं नव्हतं. दुसरी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पण मला झोप लागतेय गं." मलाही लागत होती.