योजनेतलं डायलिसिस, मिरज: मशीन उत्तम, डॉक्टर आठवड्यातून एकदा

माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं डायलिसिस मिरजेतल्या एका खाजगी हॉस्पिटलात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून चालतं. आम्ही जत तालुक्यातले. आठवड्यातून दोन वाऱ्या, आणि बहुतेक वेळा सोबत मीच असते. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जे खटकतं ते या एकाच ठिकाणी घडतंय असं मला वाटत नाही. ज्यांच्या घरात नुकतंच डायलिसिस सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी चांगलं, आणि ते खूप आहे. डायलिसिसचे पैसे आम्हाला कधी भरावे लागलेले नाहीत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन गेलो, आरोग्यमित्र (हॉस्पिटलात बसणारी योजनेची मदतनीस) मुलीने नोंदणी केली, मंजुरी येईपर्यंत स्वतः दोनदा वर येऊन "काकू, काळजी करू नका, आज होईल" म्हणून सांगून गेली. युनिट स्वच्छ. कावीळ बी असलेल्या पेशंटचं मशीन वेगळं, वेगळ्या खोलीत. रक्त गाळणाऱ्या फिल्टरवर पेशंटचं नाव लिहिलेलं असतं आणि लावायच्या आधी टेक्निशियन ते मोठ्याने वाचून दाखवतो. सुया घालणाऱ्या एका टेक्निशियनचा हात इतका हलका आहे की अण्णा त्याची ड्युटी कधी आहे हे विचारूनच गादीवर आडवे होतात. चार तास म्हणजे चार तास. पेशंट वाढले म्हणून कुणाला साडेतीनला उठवलेलं मी पाहिलं नाही. हे सगळं विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. ही योजना नसती तर अण्णा आज नसते, हे मी कुणालाही सांगेन.

खटकतं ते किडनीच्या डॉक्टरांचं येणं. सुरुवातीला डॉक्टर रोज युनिटमध्ये चक्कर मारायचे. प्रत्येक गादीपाशी थांबायचे, पाय दाबून बघायचे, वहीत काहीतरी लिहायचे. मग ते आठवड्यातून दोनदा झालं, आणि आता फक्त सोमवारी. बाकीचे दिवस ड्युटीवरचे तरुण डॉक्टर असतात. बीपी पडलं तर सलाईन लावतात, धावत येतात, मनापासून करतात. पण किडनीचा डॉक्टर व्हायला एमबीबीएस, एमडी आणि त्यावर तीन वर्षांचं डीएमसारखं खास किडनीचं शिक्षण लागतं. ती नजर ड्युटी डॉक्टरकडे कुठून येणार?

नजर म्हणजे काय, ते आमच्याच घरातलं सांगते. अण्णांचं ड्राय वेट चोपन्न किलो ठरवलेलं होतं. म्हणजे पाणी काढून झाल्यावर वजन चोपन्नवर आलं की काम झालं. कागदावर दर वारीला सगळं बरोबर: येताना छप्पन्न, जाताना चोपन्न. तरी रात्री त्यांना आडवं होता येईना. दोन उशा, मग तीन, मग भिंतीला टेकून बसून झोप. युनिटमध्ये सांगितलं की उत्तर यायचं, "वजन तर बरोबर आहे, पाणी कमी प्या." अण्णा पाणी वाटीने मोजून पीत होते. शेवटी सोमवारची वेळ साधून डॉक्टरांना गाठलं. त्यांनी आधी मानेची शीर बघितली, नडगीवर अंगठा दाबून धरला, मग मनगटाभोवती बोटं फिरवली आणि मला विचारलं, "जेवण कमी झालंय ना यांचं?" झालंच होतं. अंगावरचं मांस उतरलं होतं आणि त्या जागी पाणी साठत होतं, म्हणून काट्यावर वजन तेवढंच दिसत होतं. डॉक्टरांनी ड्राय वेट हळूहळू दीड किलोने खाली आणायला सांगितलं. पुढच्या काही वाऱ्यांमध्ये अण्णा एका उशीवर झोपायला लागले. एकही नवं औषध नाही, एकही तपासणी नाही. पाच मिनिटं बघणारा माणूस हवा होता.

त्या दिवशी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं की तुम्ही रोज का येत नाही. त्यांनीही आडपडदा ठेवला नाही. सरकारी योजनेत हॉस्पिटलला एका डायलिसिसमागे एक ठरलेली रक्कम मिळते, आणि फिल्टर, ट्यूबिंग, शुद्ध केलेलं पाणी, वीज, टेक्निशियन, नर्स, तज्ज्ञाची फी हे सगळं त्यातच बसवायचं असतं. तज्ज्ञाच्या व्हिजिटचे वेगळे पैसे नाहीत. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या २०१८ च्या दरपत्रकात एका डायलिसिसला १५०० रुपये धरलेले होते. फिल्टरवाला, वीज कंपनी, टेक्निशियन यांना कमी देऊन चालत नाही. उरतं ते डॉक्टरांच्या वाट्याला. दर तिथेच राहिला आणि खर्च वाढत गेला, तर आदेश न काढताही ती कपातच झाली. त्यात फाइलमध्ये एखादा कागद कमी पडला की क्लेमची रक्कम कापली जाते किंवा अडकते.

आपल्यासारख्यांना यातलं काही दिसत नाही, कारण आपल्यासमोर मोठा आकडा असतो. आपली ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाख झालं आणि सगळ्या कुटुंबांना लागू झालं. फार चांगला निर्णय. पण पाच लाख ही कुटुंबाची मर्यादा आहे, एका उपचाराचा दर नाही. मर्यादा वाढल्याने अण्णांच्या गादीपाशी डॉक्टर एक मिनिटही जास्त थांबत नाहीत. मला वाटतं सरकारने डायलिसिसच्या दरात तज्ज्ञाची तपासणी वेगळी धरावी, महिन्यातून ठराविक वेळा ती झालीच पाहिजे असं बंधन घालावं आणि त्याचे पैसे वेळेवर द्यावेत. डॉक्टरांवर चिडणारे नातेवाईक मी रोज बघते, पण दर डॉक्टर ठरवत नाहीत.

हॉस्पिटललाही एक सांगणं आहे. डॉक्टर कोणत्या दिवशी, किती वाजता येणार हे दारावर लिहून ठेवा. ज्यांच्या वाऱ्या मंगळवार-शुक्रवार आहेत त्यांची डॉक्टरांशी गाठच पडत नाही, आणि ते आरोग्यमित्रालाही सांगता येत नाही.

नव्याने येणाऱ्यांनी नोंदणी करतानाच सोमवार-गुरुवारची पाळी मागून घ्या. पहाटेच्या शिफ्टला गर्दी असते. अकराच्या शिफ्टला जागा मिळते आणि डॉक्टरही त्याच सुमारास येतात. वजन, बीपी आणि घरी रात्री किती उशा लागतात हे एका वहीत लिहून न्या आणि ती वही थेट डॉक्टरांच्या हातात द्या. ड्राय वेट शेवटचं कधी बदललं हे महिन्यातून एकदा तरी विचारा. सोबतच्या माणसाला बसायला बाहेर चार खुर्च्या आहेत, उन्हाळ्यात तिथे पंखा पुरत नाही. सेवेला पाचपैकी चार.