सोलर घड्याळ की ऑटोमॅटिक? माझा निकाल मागच्या झाकणाने लावला

गेल्या महिन्यात आमच्या लाइनमधल्या एका नवीन पोराने विचारलं, दादा रोज वापरायला घड्याळ घ्यायचंय, उजेडावर चार्ज होणारं सोलर घेऊ की हाताच्या हालचालीने चावी भरणारं ऑटोमॅटिक? टपरीवर दोन कटिंग संपेपर्यंत त्याला जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय. स्मार्टवॉचवाल्यांनी इथूनच परत फिरावं, तो विषय वेगळा आहे, आणि मी तर मोबाइलसुद्धा चार्जिंगला लावायला विसरणारा माणूस.

आधी माझं काम सांगतो कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, डॉक्टरांना भेटत फिरणारा, हेडक्वार्टर रत्नागिरी, पाली, लांजा, राजापूर, देवरुख असं आठवडाभर फिरणं, सगळं बाइकवर. बारा महिने फुल शर्ट, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याच्यावर रेनकोट. म्हणजे सोलर घड्याळाचं गिऱ्हाईक म्हणून माझ्याइतका नालायक माणूस शोधून सापडायचा नाही. तरी मनगटावर आज सोलरच आहे, सहावं वर्ष चालू आहे.

त्याआधी सात वर्षं साधं सेलवालं वापरलं. त्याच्याबद्दल खरं तर तक्रार करायला जागा नाही, वेळ बरोबर, वजन नाही, किंमत परवडणारी. दोन-अडीच वर्षांनी बंद पडायचं, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे जायचं, तो डोळ्याला भिंग लावून ६२६ नंबरचा सेल टाकणार, पाच मिनिटांत विषय संपला. माझाही असाच संपायचा, फक्त तिसऱ्या वेळी संपला नाही. त्या वेळी त्याने झाकण अंगठ्याने दाबून बसवायचा प्रयत्न केला, बसेना, मग प्रेसमध्ये घालून दाबलं, टक्क आवाज आला, मी पैसे दिले आणि निघालो. आत झाकणाच्या कडेला एक केसासारखी बारीक रबरी रिंग असते, ती त्या दाबण्यात चिमटली होती हे मला पुढे कळलं. हे झालं मे महिन्यात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लांज्याला एका डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसलोय, ते सहज माझ्या हाताकडे बघून म्हणतात, अहो तुमच्या घड्याळात आंबा घाट झालाय. बघतो तर काचेच्या आतून पांढरं धुकं, बारा ते चारपर्यंतचे आकडे गायब. घरी आल्यावर आईने ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, धुकं गेलं, पण तारीख १७ वर अडकली ती अडकलीच, आणि महिन्याभरात सहाच्या आकड्याशेजारी गंजाचा तांबूस ठिपका आला. डायलवर ५० मीटर वॉटर रेझिस्टंट छापलेलं तसंच, त्याच्याखाली हा ठिपका.

तर माझ्यापुरता खरा प्रश्न सेल की सोलर की ऑटोमॅटिक हा नव्हताच. प्रश्न हा की घड्याळाचं मागचं झाकण किती वेळा उघडावं लागणार आणि कोण उघडणार. पुण्यात किंवा नाशकात राहणाऱ्याला हे वाचून हसू येईल, त्यांचं बरोबर आहे, तिथे रिंग थोडी चिमटली तरी वर्षभर कळणार नाही. आमच्याकडे चार महिने हवाच पाण्याची असते, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते, तिथे ती रिंग म्हणजे सगळं काही. घड्याळवाल्याने नवीन रिंग घालून, सिलिकॉन ग्रीस लावून, नंतर पाण्याची टेस्ट करून दिलं तर हा त्रास होणार नाही, आणि सर्व्हिस सेंटरला असं करतात म्हणे, पण शंभर रुपयांच्या सेलसाठी कोल्हापूर कोण गाठणार.

मग घेतलं ऑटोमॅटिक. सेलच नको म्हटल्यावर झाकण उघडायचं कारणच नाही, असा माझा हिशेब. जपानी कंपनीचं, मागे काच, हात हलला की आत चावी भरणारा तो अर्धा चंद्र गरगर फिरताना दिसतो. प्रामाणिकपणे सांगतो, मनगटावर घातल्यावर जी मजा ऑटोमॅटिकला आहे ती सोलरला नाही. काटा टकटक न करता सरकत जातो, रात्री कानाशी धरलं तर बारीक चुळबुळ ऐकू येते. बाबांकडे एचएमटी जनता होतं, सकाळी दाढी झाली की चावी द्यायचे, ती करकर आमच्या घरातला भोंगा होता. एचएमटी १९६१ मध्ये बेंगळुरूला सुरू झाली ती जपानच्या सिटिझनच्या मदतीने, आणि २०१६ मध्ये सरकारने घड्याळांचा कारभार गुंडाळला, बाबांचं जनता मात्र अजून चालतं. त्यामुळे चावीच्या घड्याळाबद्दल मनात एक जागा आहेच, ती नाकारत नाही.

पण रोजच्या वापराला? बघा, ऑटोमॅटिक पूर्ण भरलेलं असेल तर साधारण चाळीस तास चालतं. शनिवारी दुपारी दोनला काढून ठेवलं की सोमवारी पहाटे सहाला हे झोपलं. सोमवारी सकाळी सगळ्यात जास्त घाई, आणि तेव्हाच हा बसलेला. त्यातून बाइक चालवताना हात हँडलवर नुसता थरथरतो, झुलत नाही, त्यामुळे दिवसभर फिरूनही माझं घड्याळ पूर्ण भरायचं नाही असा मला कायम संशय. गणपतीत पाच दिवस तर आरत्या, मोदक, पाहुणे, हातात घड्याळ कोण घालतं, मग सुट्टी संपल्यावर वार, तारीख, वेळ सगळं पहिल्यापासून. त्यात रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख फिरवायची नाही, आतले दाते गुंतलेले असतात, म्हणून आधी काटे भलतीकडे न्यायचे, मग तारीख, मग परत वेळ. दर सोमवारी बोट बाजूच्या चावीवर. आणि गंमत म्हणजे त्या चावीलाही आत रबरी रिंगच असते, ती ओढून ओढून तीही सैल होणार. म्हणजे मागचं दार बंद केलं आणि खिडकी रोज उघडी.

वेळेचं म्हणाल तर माझं दिवसाला पंधरा सेकंद पुढे जायचं. यात घड्याळाचा दोष नाही, सिकोच्या ७एस२६ या गाजलेल्या मशीनला कंपनी स्वतःच दिवसाला ४० सेकंद पुढे आणि २० मागे इतकी सूट देते. पण पंधरा सेकंद म्हणजे महिन्याला साडेसात मिनिटं होतात. सोलर आतून क्वार्ट्झच, म्हणजे सेलवाल्यासारखंच, त्यामुळे त्याची चूक महिन्याला पंधरा सेकंद. दिवस आणि महिना, एवढाच काय तो फरक. बरं, सर्व्हिसिंग. तीन ते पाच वर्षांनी सगळं खोलून तेल घालायचं असतं, तालुक्याला ते जमणारी माणसं आता हाताच्या बोटांवर, आणि जमलं तरी झाकण उघडणार ते उघडणारच.

आता सोलर. माझं सिटिझनचं इको-ड्राइव्ह आहे, साधं, वार-तारीखवालं, काळा डायल. डायलखाली सोलर पट्टी असते, उजेड डायलमधून झिरपून तिच्यावर पडतो आणि आतला छोटा रिचार्जेबल सेल भरत राहतो. सिटिझनने काट्यांचं पहिलं सोलर १९७६ मध्ये काढलं तेव्हा त्या पट्ट्या डायलवर उघड्या दिसायच्या, आता लपवल्यात. पूर्ण भरलं की अंधारातही माझ्या मॉडेलचं सहा महिने चालतं, कॅसिओ-सिकोच्या काही मॉडेलचं त्याहून जास्त.

सगळ्यांची शंका एकच, ऊन दाखवावं लागतं का. लागतं आणि नाही पण. कॅसिओच्या टफ सोलरच्या मॅन्युअलमध्ये हिशेब दिलेला असतो, एका दिवसाच्या वापराला कडक उन्हात पाच मिनिटं पुरतात, त्याच कामाला ट्यूबलाइटखाली आठ तास लागतात. म्हणजे ऑफिसच्या उजेडाच्या भरवशावर बसलात तर मिळतं तेवढं खर्च, शिल्लक शून्य. उलट आठवड्यातून एकदा पाऊण तास खिडकीत कडक उन्हात ठेवलंत तर विषय संपला. मी रविवारी आंघोळीला जाताना खिडकीच्या गजाला अडकवून जातो, बस.

मला एकदाच दगा बसला आणि तो माझ्याच चुकीने. एका जानेवारीत हौसेने परत ऑटोमॅटिक घालायला लागलो आणि सोलर कपाटात साड्यांच्या खाली गेलं. जूनमध्ये काढलं, चालू होतं, घातलं, त्यावर शर्टाची बाही, त्यावर रेनकोट. ऑगस्टमध्ये देवरुख स्टँडवर वडापाव खाताना लक्ष गेलं, सेकंदकाटा दोन सेकंद थांबतोय आणि मग एकदम दोन घरं उडी मारतोय. थांब, उडी. थांब, उडी. लंगडत चालल्यासारखा. बिघडलं म्हणून पोटात गोळा आला, वडा खाली ठेवून मोबाइलवर शोधलं, तर ती चार्ज संपत आल्याची खूण निघाली, वेळ तेव्हाही बरोबरच दाखवत होतं. श्रावणातलं येऊन-जाऊन ऊन दोन दिवस दाखवलं आणि गडी सरळ चालायला लागला. सेलवालं न सांगता मरतं, ऑटोमॅटिक झोपतं, हे निदान आधी लंगडून दाखवतं.

उन्हाचा अतिरेक मात्र नको. आईने मे महिन्यात गच्चीवर आमसुलं वाळत घातली होती, त्यांच्याशेजारी माझं घड्याळही मांडलं, म्हणे त्यालाही मिळू दे. हात लावला तर चटका. भरपूर भरलं तर जास्त भरणं आपोआप थांबतं, त्याची काळजी नाही, पण उष्णतेने सेल आणि रिंग दोन्ही खराब होतात, म्हणून पत्रा, गाडीचा डॅशबोर्ड, हे टाळा.

तोटे सांगायचे तर सांगतो. आतला सेल अमर नाही. लोकांची पंधरा वर्षं चालल्याचं ऐकतो, माझं आत्ता सहावंच चालू आहे, छातीठोक सांगणार नाही. तो बदलायची वेळ आली तर तो धातूची बारीक पट्टी जोडलेला खास रिचार्जेबल सेल लागतो, महाग असतो, मागवावा लागतो. आणि कृपा करून कोणी म्हणालं की साहेब साधा ६२६ बसतोय, टाकून देतो, तर घड्याळ हातातून काढून घ्या, साध्या सेलला चार्जिंग मिळालं की तो फुटू शकतो, कंपन्यांनीच तसं लिहिलेलं असतं. दुसरं, डायल. हलक्या रंगाचे डायल मला जरा मळकट वाटतात, हा डोळ्यांचा दोष असेल. तिसरं, ३१ नसलेल्या महिन्यानंतर तारीख आपणच पुढे करायची, वर्षातून पाच वेळा, महाग मॉडेल सोडून. ऑटोमॅटिकलाही ते आहेच, वर सोमवार आहेत.

एक पैसे वाचवायची गोष्ट. कॅसिओत सोलरबरोबर रेडिओवर वेळ जुळवणारी मल्टीबँड ६ मॉडेल असतात. ते सिग्नल जपान, चीन, अमेरिका, इंग्लंड, जर्मनीतून येतात, भारतात एकही स्टेशन नाही. लंडन-न्यूजर्सीला असाल तर जरूर घ्या, इथे नुसतं सोलर पुरे.

बाकी ज्यांच्याकडे दोन-तीन घड्याळं आहेत, आलटून पालटून घालतात, मशीनची आवड आहे, त्यांनी ऑटोमॅटिक घ्यावं, मी अडवणार नाही. एकच घड्याळ, रोज, पावसात, विसराळू माणूस, असं असेल तर मला वाटतं सोलरच, निदान आमच्या पट्ट्यात तरी. माझ्या सोलरच्या पाठीवर कंपनीने चिकटवलेलं निळं प्लॅस्टिक अजून अर्धं शिल्लक आहे, कारण तिथे आजपर्यंत कोणाचा हातच गेलेला नाही. दुकानात घेताना फक्त सेकंदकाट्याकडे अर्धा मिनिट बघा, शोकेसमधल्या पेटीत वर्षभर पडून लंगडणारं असेल तर दुसरा पीस मागा.

ऑटोमॅटिक विकलं नाही हो. लग्नामुंजीला घालतो. परवा पुतण्याच्या मुंजीला निघताना गडबडीत वेळ तेवढी लावली, तारीख राहिली, दिवसभर २६ ला ९ तारीख दाखवत पंगतीत वाढत फिरलो, एका माणसाच्या लक्षात आलं नाही.