रिसेल फ्लॅट, एजंटनेच आणलेला कॉन्ट्रॅक्टर आणि साडेतीन लाखांचे झालेले नऊ लाख

नवी मुंबईत नेरुळ, सानपाडा, वाशी, कोपरखैरणे इकडे सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) जुन्या बिल्डिंगमध्ये रिसेलचा फ्लॅट बघत असाल तर टोकन द्यायच्या आधी हे वाचा. लांबलचक झालंय पण पूर्ण वाचा, कारण आमचे जे पैसे बुडाले ते फ्लॅटच्या किमतीत नाही बुडाले, नंतरच्या रिपेअरिंगमध्ये बुडाले आणि ते ठरवून काढले गेले.

आम्ही नेरुळला वन बीएचके घेतला, चार माळ्यांची बिल्डिंग, आमचा तिसरा माळा, व्यवहार ६० लाखांचा. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला कारण बाईच्या नावावर असला की स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ६० हजार वाचले, ते रिपेअरिंगला लावायचे असं घरात ठरलं होतं. ज्यांचं पहिलंच घर आहे त्यांच्यासाठी सांगते, स्टॅम्प ड्युटी, ३० हजार रजिस्ट्रेशन, सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस, सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम (हे २५ हजारांच्या वर मागता येत नाही), एजंटचं ब्रोकरेज, हे सगळं होम लोनच्या बाहेर, स्वतःच्या खिशातून. म्हणजे चावी हातात येते तेव्हा खिसा आधीच रिकामा झालेला असतो आणि नेमकं तेव्हाच घराचं काम काढावं लागतं.

आता इथेच खरी गोम आहे. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा भिंतींना ताजा रंग, हॉलला पीओपी, बाथरूमच्या वर पांढरं पीव्हीसीचं सीलिंग ठोकलेलं. मोझॅक लाद्या आणि ओटा जुना, ते दिसतच होतं. आम्ही म्हटलं की खर्च बराच आहे, किमतीत ५ लाख कमी करा. तर एजंटने तिथल्या तिथे फोन लावून एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावून घेतलं, "आपला नेहमीचा माणूस आहे" म्हणाला. त्या माणसाने टेप सुद्धा बाहेर काढली नाही, खोल्यांतून एक चक्कर मारली, बाथरूममध्ये डोकावला आणि म्हणाला, "ताई, साडेतीन लाखात चकाचक, काही टेन्शन घेऊ नका." आणि मग एजंट आम्हाला म्हणतो की बघा, साडेतीन लाखांचं तर काम आहे, ५ लाख कशाला कमी करायचे, मालक १ लाख सोडतील. व्यवहार तिथेच पक्का झाला.

म्हणजे तो साडेतीन लाखांचा आकडा काम करायसाठी नव्हताच, सौदा पटवायसाठी होता. कॉन्ट्रॅक्टरला काम मिळालं, एजंटला ब्रोकरेज मिळालं, मालकाची किंमत राहिली. हे मला नंतर कळलं, कसं ते पुढे येईलच.

एस्टिमेट म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एका कागदाचा फोटो आला. टाइल्स, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, वॉटरप्रूफिंग, कलर, किचन, असे शब्द आणि खाली एकच रक्कम. किती स्क्वेअर फूट, कुठल्या रेटने, कुठला माल, काही नाही. अर्धे पैसे आगाऊ. आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांनी सगळं फोडून टाकलं, लाद्या काढल्या, ओटा तोडला, बाथरूमचा कोबा (लाद्यांखालचा भरावाचा थर) उखडला, संडासचं भांडं काढून जिन्यात ठेवलं. त्या वेळी आम्हाला बरं वाटलं की काम जोरात चाललंय. पण घर एकदा फोडलं की दोर त्याच्या हातात जातो. दुसरा कोणी कॉन्ट्रॅक्टर अर्धवट फोडलेलं काम घ्यायला तयार होत नाही, घेतला तर दुप्पट सांगतो, आणि तुमचं चालू घराचं भाडं आणि नवीन घराचा हप्ता दोन्ही सुरू असतात. प्रत्येक आठवडा अंगावर येतो.

मग फोन सुरू झाले. आतले जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) सडलेत, ७० हजार जास्त लागतील. वायरिंग जुनी आहे, ४५ हजार. वॉटरप्रूफिंगला केमिकल ट्रीटमेंट करावी लागेल, ६० हजार. तुम्ही निवडलेल्या टाइल्स महाग आहेत, फरक ५५ हजार. डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा मलबा, खाली उतरवून टेम्पोने टाकायचे आणि माल वर चढवायचे ४० हजार. पाइप खरोखरच सडले होते, मी स्वतः बघितलं, आतून गंजून बोटभर सुद्धा भोक राहिलं नव्हतं. पण तीस वर्षांच्या बिल्डिंगमध्ये जीआय पाइप सडलेलेच असणार हे रोज हेच काम करणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं? लिफ्ट नाही, तिसरा माळा आहे, डेब्रिज खाली न्यावं लागणार हे माहीत नव्हतं? हे सगळं त्याला माहीत होतं, फक्त सौदा होईपर्यंत बोलायचं नव्हतं. साडेतीनचे ६ लाख २० हजार झाले. माझ्या भिशीचे पैसे उचलले, सासूबाईंनी एक एफडी मोडली.

एवढे देऊन काम तरी नीट असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

बाथरूमचं सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं. जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून वर लाद्या लावतात. कोबा झाला की नहाणी ट्रॅपचं (पाणी जायच्या जाळीखालचं) तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं असतं, निदान ४८ तास, आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं असतं, ओल आली नाही तरच वर लाद्या. आमच्याकडे संध्याकाळी कोबा केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लाद्या लावून मोकळे. केमिकलचे चांगल्या कंपनीचे दोन डबे दारात दिसतील असे ठेवले होते, त्याचा फोटो पण पाठवला मला. नंतर टाइल्स लावणाऱ्या मिस्त्रीने सांगितलं की ते डबे रिकामे होते, दुसऱ्या साइटवरून आणलेले.

आम्ही राहायला आलो आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या माळ्यावरच्या काकू वर आल्या. भांडायला नाही, बिचाऱ्या हात जोडूनच आल्या. म्हणाल्या, "अगं, तुमच्या आधीच्या मालकांना सांगून सांगून थकलो, तू तरी बघ गं." मी खाली गेले. त्यांच्या बाथरूमच्या छताचं प्लास्टर पडून आतली सळई दिसत होती, गंजून फुगलेली, आणि त्या सळईच्या टोकाला पाण्याचा थेंब धरलेला, खाली बादली. भिंतीला लोणा लागून पांढरी पूड झडत होती. त्यांच्याकडे सोसायटीला दिलेल्या पत्रांच्या कॉपी होत्या, त्यावर सेक्रेटरींचा शिक्का, तारखा आमच्या व्यवहाराच्या आधीच्या. म्हणजे मालकाला लिकेज माहीत होतं. आमच्या बाथरूमवरचं पीव्हीसीचं सीलिंग सुद्धा त्यासाठीच ठोकलेलं होतं, वरच्या माळ्याचं पाणी आमच्या छतातून येतंय ते दिसू नये म्हणून. ते सीलिंग कॉन्ट्रॅक्टरने काम करताना "चांगलं आहे, राहू द्या" म्हणून काढूच दिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सोसायटीची नोटीस आली, मेजर रिपेअरसाठी प्रत्येक फ्लॅटमागे १ लाख १५ हजार. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, आधीच झालेलं, जनरल बॉडीत ठराव आधीच पास झालेला. एजंटने आम्हाला सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणून दिली होती, पण त्यावर फक्त मेंटेनन्स क्लिअर आहे एवढंच लिहिलं होतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टाइल्सचं बिल ३४ बॉक्सचं लावलं होतं. दोन बाय दोनच्या टाइल्सच्या बॉक्समध्ये ४ टाइल्स येतात, साधारण साडेपंधरा स्क्वेअर फूट भरतात. आमची हॉल, बेडरूम, किचन, पॅसेज धरून फरशी ३३० स्क्वेअर फूट, म्हणजे वेस्टेज धरून २४ बॉक्स खूप झाले. मिस्त्रीने रिकामे खोके लॉफ्टवर रचून ठेवले होते ते मोजले तर २४ च निघाले. गीझर आणि एसीच्या पॉइंटला ४ स्क्वेअर एमएमची वायर ठरली होती, स्विचबोर्ड उघडून बघितला तर वायरवर अडीच छापलेलं. किचनच्या शटरला मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा) सांगितला होता, पहिल्या पावसात सिंकखालचं शटर फुगलं. मरीन प्लायच्या शीटवर आयएस ७१० आणि आयएसआय मार्क छापलेला असतो, शीट कापायच्या आधी त्याचा फोटो काढून घ्या, कापल्यावर काही कळत नाही.

कॉन्ट्रॅक्टरने शेवटचा हप्ता घेतल्यावर फोन उचलणं बंद केलं. एजंट म्हणतो, माझा काय संबंध, मी फक्त ओळख करून दिली. एक दिवस तोच टाइल्सवाला मिस्त्री दारात आला, त्याला वाटलं कॉन्ट्रॅक्टर इथे भेटेल. त्याची मजुरी दिलेली नव्हती, तुर्भ्याच्या नाक्यावरून आणलेल्या बिगाऱ्यांची पण नाही. गावाला मुलीच्या फीचे पैसे पाठवायचे होते त्याला. मी चहा दिला, बसला, आणि मग एक एक सगळं त्यानेच सांगितलं, डब्यांचं, खोक्यांचं, आणि हे पण की प्रत्येक साइटमागे एजंटला टक्केवारी जाते आणि या एजंटच्या आधीच्या दोन फ्लॅटमध्ये हाच प्रकार झालाय. मला माझ्या पैशांपेक्षा त्या माणसाचं जास्त वाईट वाटलं, त्याचं हातावरचं पोट आहे.

शेवटी कोपरखैरण्याच्या एका ओळखीच्या गवंड्याकडून बाथरूम पुन्हा फोडून घेतलं, कोबा पुन्हा केला, पाणी भरून ठेवलं, काकूंचं छत पण आम्हीच करून दिलं कारण आतल्या लिकेजचा खर्च त्या त्या मेंबरलाच करावा लागतो, सोसायटी करत नाही, आणि त्यांचा तरी काय दोष. त्याचे १ लाख २० हजार, वायर आणि शटर बदलायचे ४५ हजार, सोसायटीचे १ लाख १५ हजार. बेरीज करा, बरोबर ९ लाख होतात. ज्या घासाघिशीत आम्ही ५ लाख कमी मागत होतो ते सुद्धा कमीच होते.

तर आता फ्लॅट बघणाऱ्यांनी एवढं तरी करा. टोकनच्या आधी स्वतःचा सिव्हिल इंजिनिअर किंवा निदान ओळखीचा जुना गवंडी घेऊन जा, एजंटने सुचवलेला नको, मग तो कितीही चांगला बोलो. सोसायटीच्या ऑफिसमध्ये स्वतः जा, सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारा, या फ्लॅटबद्दल लिकेजची तक्रार आहे का, स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट काय म्हणतो, आणि रिपेअरसाठी काही वर्गणी ठरली आहे का. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांच्या पुढच्या बिल्डिंगचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं, त्यामुळे रिपोर्टच नाही म्हणाले तर त्याचाही विचार करा. खालच्या माळ्यावरच्या लोकांची बेल वाजवा. तुमच्या बाथरूमची खरी हालत तुम्हाला त्यांच्याच छतावर दिसेल, मालकाच्या घरात नाही दिसणार. पीव्हीसीचं सीलिंग असेल तर एक पट्टी काढून दाखवा म्हणा, काढायला नाही म्हटलं तर तिथून निघा.

आणि काम देताना आयटमवार रेट, स्क्वेअर फुटाचं माप, मालाचं नाव, आणि फोडल्यावर जे निघेल त्या पाइप-वायरिंगचा रेट सुद्धा आधीच लिहून घ्या, पैसे कामाच्या टप्प्यावर द्या आणि बँकेतून किंवा यूपीआयने द्या. पाण्याची टेस्ट होऊन खालच्या घरात तुम्ही स्वतः बघेपर्यंत बाथरूमचा हप्ता सोडू नका.

आमचं पुढे काय चाललंय तर, वकिलांनी सांगितलं की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेने न दिसणारा दोष सांगणं बंधनकारक आहे, आणि काकूंची शिक्का मारलेली पत्रं हा त्याचा पुरावा आहे, म्हणून मालकाला नोटीस गेली आहे. कॉन्ट्रॅक्टरवर ग्राहक आयोगात तक्रार करतोय. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, आमची त्याच्या वर आहे म्हणून थोडी भरावी लागेल. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून आधी सगळं विचारून घेता येतं. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा ज्यांचं असं काही झालंय त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप चॅट, पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट, फोडलेल्या भिंतींचे फोटो काहीही डिलीट करू नका. आमचा मिस्त्री साक्ष द्यायला तयार झालाय, त्याची राहिलेली मजुरी पण त्याच तक्रारीत मांडता येते का ते वकिलांना विचारलंय.