फॉइलचे पाते जुळवण्यासाठी घेतलेला तीन इंची व्हाइस

सोलापूरच्या मंगळवार पेठेतील एका हार्डवेअरच्या दुकानातून सहा महिन्यांपूर्वी मी तीन इंची बेंच व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यांत घट्ट धरणारा शिकंजा, १,१५० रुपयांना घेतला. कशासाठी हवा, या दुकानदाराच्या प्रश्नाला "तलवारीसाठी" असे उत्तर दिल्यावर त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने बिल केले. माझी मुलगी तलवारबाजीत फॉइल, म्हणजे टोकाने टोचायची हलकी तलवार, खेळते. पाती आम्ही बाहेरगावाहून मागवतो; ती मुठीत बसवून तिच्या हाताला जुळवण्याचे काम मात्र अशोक चौकाजवळच्या आमच्या घराच्या गच्चीवर होते. नळाचे किंवा सुतारकाम करणाऱ्यांचे या व्हाइसविषयीचे मत वेगळे असू शकेल.

फॉइलचे पाते गार्डच्या (हात झाकणाऱ्या वाटीच्या) पुढे जास्तीत जास्त ९० सेंटीमीटर असते आणि तो भाग कडक पोलादाचा असतो. पात्याचा मुठीत शिरणारा दांडा, म्हणजे टँग, त्यामानाने मऊ असते, म्हणून ती न तापवता वाकवता येते. पिस्टल ग्रिप (पिस्तुलासारखी मूठ) सहज धरल्यावर टोक आभाळाकडे किंवा बाहेर जाऊ नये, तर किंचित खाली आणि आतल्या बाजूला यावे, एवढ्यासाठी गार्डच्या अगदी मागे टँगला थोडा कोन द्यावा लागतो. या कामाला दोन हात पुरत नाहीत, व्हाइस लागतोच. टँग जबड्यात पक्की धरावी, पात्याच्या खाचेतून येणारी, टोचल्याची नोंद करणारी विजेची तार आधी बाजूला काढून ठेवावी आणि पात्याच्या जाड भागावर गार्डच्या जवळ हात ठेवून हळूहळू दाब द्यावा.

व्हाइसचा पहिला दोष इथेच दिसला. जबड्यांवरचे दाते इतके धारदार आहेत की टँगवर त्यांचे वळ उठतात, आणि जिथे ओरखडा तिथून पुढे तडा जाण्याची भीती असते. सोलापुरात राहून दुसरे काय सुचणार. मी टॉवेलची चौपदरी घडी जबड्यांत घातली. त्याने वळ टळले, पण पकडही गेली आणि जोर लावताच टँग जागच्या जागी फिरली. शेवटी सरकत्या खिडकीच्या जुन्या ॲल्युमिनियम पट्टीचे दोन तुकडे काटकोनात वाकवून जबड्यांवर बसवले, ते आजतागायत टिकले आहेत. दुसरा दोष असा की हलता जबडा वरच्या बाजूला जवळजवळ एक मिलिमीटर उघडा राहतो. शेजारचे काका यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आहेत. त्यांनी मागाच्या जुन्या फणीतल्या पोलादी पट्ट्या सरकत्या भागाखाली सारून तो खेळ बराच कमी केला. नव्या वस्तूला पहिल्याच आठवड्यात असे ठिगळ लावावे लागावे, हे मला पटलेले नाही.

तिसरी चूक व्हाइसची नव्हती. पहिले पाते वाकवून मी ते स्वतःच्या हातात धरून पाहिले, कोन अगदी हवा तसा वाटला आणि मी खूश झालो. मुलगी डावखुरी आहे. तिने फॉइल उचलले तेव्हा टोक सरळ बाहेर पाहत होते. "बाबा, हे तुमच्यासाठी केलंत का?" एवढेच ती म्हणाली. टँग उलट वाकवून घेतली खरी, परंतु मागेपुढे वाकवलेल्या धातूवर माझा विश्वास नसल्याने ते पाते आता केवळ सरावाला ठेवले आहे.

मुठीच्या मापाला टँग कापण्याच्या वेळी मात्र व्हाइसने निर्विवाद चांगले काम केले. हॅक्सॉ चालवण्यापूर्वी ६ मिलिमीटरचा नट कापायच्या खुणेच्या आत फिरवून ठेवावा. कापल्यावर कानस मारून तो बाहेर काढला की टँगवरचे मोडलेले आटे आपोआप साफ होतात.

पात्याचा बाक सुधारण्यासाठी हा व्हाइस, किंवा कोणताही व्हाइस, वापरू नये. जबड्यात धरून वाकवलेल्या पात्याला एकाच जागी कोपर येते आणि ते तिथेच मोडते. त्यासाठी जुना बूट पुरतो: पाते जमिनीवर ठेवून तळव्याखाली हलके दाबावे, मूठ किंचित उचलून ते आपल्याकडे ओढावे आणि असे चार-सहा वेळा करावे. नियमानुसार फॉइलचा बाक एक सेंटीमीटरपेक्षा कमी आणि केवळ उभ्या दिशेचा असावा लागतो. आमची शहाबादी फरशी खडबडीत असल्याने मी तो स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर मोजतो. गार्ड कट्ट्याच्या कडेबाहेर ठेवल्याशिवाय पाते टेकत नाही. मग मुलीची शाळेची पट्टी मधल्या फटीत उभी धरायची. १९८२ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत तुटलेले पाते मुखवट्यातून शिरून सोव्हिएत तलवारबाज व्लादिमीर स्मिर्नोव्ह यांचा मृत्यू झाला होता, त्यामुळे कोपर आलेले पाते सरळ करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

जुळवणी झाल्यावर तार शाबूत आहे ना, हे मल्टिमीटरवर पाहावे. फॉइलचे सर्किट एरवी जोडलेले असते, म्हणून बझर वाजत राहिला पाहिजे आणि टिप (टोकाचे बटण) दाबताच थांबला पाहिजे. न दाबता तो अडखळला, तर तार बहुधा गार्डखाली दुखावली आहे.

व्हाइसला मी पाचपैकी तीन गुण देईन. घेणाऱ्याने दुकानातच जबडे पूर्ण मिटवून उजेडाकडे धरून पाहावेत आणि फट दिसली तर दुसरा नग मागावा. चार इंची घेण्याचे कारण नाही, टँगला एवढी पकड पुरते. या महिन्यात आलेले नवे पाते मी मुलीच्या हातात देऊन, तिच्या मनगटाकडे पाहत, तीन वेळा थोडे थोडे वाकवले आणि त्याचे टोक पहिल्याच दिवशी आत आले.