रूफ रॅकची आठ कुलपं एका किल्लीवर : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमच्या गाडीच्या टपावर थुले कंपनीचे रूफ बार (सामान लावायच्या आडव्या दांड्या) आहेत आणि त्यावर दोन सायकल कॅरियर. अशी जोडणी ज्यांच्याकडे आहे त्यांना कुलपांचा हिशेब सांगायला नको. बारच्या चार पायांना चार, आणि प्रत्येक कॅरियरला दोन : एक सायकलची फ्रेम धरणाऱ्या हाताला, दुसरं कॅरियरच कोणी बारवरून काढून नेऊ नये म्हणून. झाली ८. बार एकदा घेतले, पहिलं कॅरियर नंतर, दुसरं त्याच्याही नंतर, त्यामुळे तीन वेगवेगळ्या नंबरांच्या किल्ल्या जमल्या आणि दिसायला सगळ्या सारख्या.

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत, पाऊस कोसळत असताना, मागे गाड्यांचे हॉर्न वाजत असताना बायकोची सायकल उतरवायची होती. तिला पलीकडे गुहागरपर्यंत चालवत जायचं होतं. किल्ली लागेना. ओल्या हातांनी जुडगा चाळत बसलो आणि तिथेच ठरवलं की हे आता एका किल्लीवर आणायचं.

ही सोय नवी नाही. थुले तिला ‘वन की सिस्टिम’ म्हणते. एकाच नंबरचे ४, ६, ८, १२ किंवा १६ सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते ते कुलपाचे आतले गाभे, एका पाकिटात मिळतात. याकिमा कंपनीचं सामान वापरणाऱ्यांकडेही हाच प्रकार ‘सेम की’ नावाने आहे. मात्र एका कंपनीचा सिलिंडर दुसऱ्या कंपनीच्या भोकात बसत नाही, त्यामुळे गाडीवर दोन कंपन्यांचं सामान असेल तर यातून काहीच साधणार नाही.

पूर्ण कुलूप बदलावं लागत नाही, फक्त आतला बोटाच्या पेराएवढा सिलिंडर बदलतो. सिलिंडरमध्ये पातळ पितळी पत्त्या असतात. रोजची किल्ली त्यातल्या कुलूप उघडणाऱ्या पत्त्या सरळ रेषेत आणते. सिलिंडरला घरात अडकवून ठेवणारी पत्ती वेगळी असते, आणि तिला रोजची किल्ली शिवत नाही. पाकिटात एक खास किल्ली येते, तिच्या दात्यांनी ही पत्तीसुद्धा आत ओढली जाते. ती किल्ली घालायची, सरळ ओढायची, अख्खा सिलिंडर हातात. नवा सिलिंडर त्याच किल्लीवर धरून आत ढकलायचा, किल्ली काढली की पत्ती बाहेर येऊन खाचेत बसते. हत्यार लागत नाही. चहा निवायच्या आत आठही बदलून होतात.

आणि याच खास किल्लीवरून दुकानातल्या विक्रेत्याशी माझं भांडण झालं. त्याने पाकीट आधीच फोडलं होतं. ‘सिलिंडर आम्हीच बसवून देतो, लेबर वेगळं’ म्हणाला आणि खास किल्ली स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली. म्हणजे उद्या एक सिलिंडर काढायचा झाला तरी पुन्हा त्याच्याच दारात आणि पुन्हा लेबर. पैसे मी अख्ख्या पाकिटाचे मोजलेत, त्यातलं एकही कागदाचं चिटोरं सोडणार नाही, हे त्याला मालकासमोर सांगितलं. अर्धा तास गेला, पण किल्ली घेऊनच बाहेर पडलो. सील फोडलेलं पाकीट घेऊ नका. आठ सिलिंडर म्हणजे सायकलच्या दोन चांगल्या टायरांचे पैसे आहेत, ते देऊन परावलंबी कशाला व्हायचं?

सुरुवातीचे काही आठवडे मी फक्त सोयीवर खूश होतो. खरा फायदा पावसाळ्यानंतर कळला. पुढचा डावा पाया ताम्हिणीच्या चिखलात इतका माखत होता की किल्ली अर्ध्यात अडकायला लागली. पूर्वी असं झालं असतं तर नवं कुलूप, नवी किल्ली आणि ड्रिलची भाषा. आता त्या मोसमात न लावलेल्या कॅरियरचा सिलिंडर काढून पायात बसवला, चिकटलेला घरी आणून धुतला, वाळवला, ग्राफाइट पावडर फुंकली आणि तो पुन्हा मोकळा झाला. तेल मुद्दाम टाकलं नाही, तेलावर धूळ बसून लगदा होतो. आठही सिलिंडर एकमेकांच्या जागी चालतात, म्हणून घरात सुटा भाग कायम हाताशी राहतो. माझ्या मते पैसे याचेच वसूल झाले.

दुसरं म्हणजे आता पायांना खरंच कुलूप लागतं. अनेक गाड्यांवर पाहतो, कॅरियरला कुलूप असतं आणि बारच्या पायात नुसतं प्लास्टिकचं बूच. अशा गाडीचा बार सायकलसकट उतरवता येतो.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. सिलिंडरच्या तोंडावर, किल्लीच्या भोकाशेजारी, नंबर कोरलेला असतो : ‘एन’ आणि पुढे तीन आकडे. तोच नंबर किल्लीवर. त्या नंबरवर सुटी किल्ली मागवता येते. धाब्यावर गाडीशेजारून जाणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो, आणि एका नंबरवर आता माझी आठही कुलपं आहेत. वेगळ्या किल्ल्या होत्या तेव्हा एक नंबर वाचून एकच वस्तू हाती लागली असती. शिवाय तीन आकडे म्हणजे सगळे मिळून हजाराच्या आतच नंबर, तेव्हा तीच किल्ली दुसऱ्या कोणाच्या खिशात असणारच. नंबर सिलिंडरच्या बाजूला, आत लपणाऱ्या भागावर कोरायला काय हरकत होती? हरवलेली किल्ली मागवताना मालक सिलिंडर काढून वाचू शकतोच की.

यावर उपाय मी स्वतः केला. नंबरचा फोटो काढला, गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये आणि बायकोच्या फोनमध्ये लिहून ठेवला. मग टूथपिकच्या टोकाने प्रत्येक कोरीव आकड्यात सिलिंडरच्या रंगाशी मिळताजुळता इनॅमल रंग भरला आणि वरचा पुसून घेतला. हातभर अंतरावरून आता काही वाचता येत नाही. खास किल्ली जुडग्यात ठेवत नाही, ती घरीच. रोजची जादा किल्ली मात्र दोघांकडे एकेक, कारण आता एक हरवली तर सगळंच अडतं.

पाना आणि कानस घेऊन बसणाऱ्याला ही कुलपं थांबवणार नाहीत, हेही माहीत असू द्या. येताजाता हात मारणाऱ्याला थांबवतात, आणि हायवेवरच्या जेवणाच्या अर्ध्या तासाला तेवढं पुरतं. रात्रीच्या मुक्कामाला सायकली खोलीतच.

दिवाळीआधी टपावरचा बॉक्स घ्यायचा विचार आहे. दुकान बदललं आहे, आणि नव्या दुकानात ऑर्डर देताना पहिली अट माझ्या नंबरच्या सिलिंडरची घातली आहे. तो नंबर मागवता आला नाही, तर बॉक्स घेणार नाही.