ग्रॅमचा काटा की घरची वाटी?

कॅलरी मोजायचं ठरवलं की पहिला प्रश्न पडतो तो हाच. वडगावातल्या आमच्या तीन माणसांच्या घरात मी दोन्ही करून पाहिलं. माझं मत असं : काटा घ्याच, पण तेल, भुईमुगाच्या शेंगा, तांदूळ आणि गोड यांच्यासाठी. बाकीचं वाटीवर सोडा.

आधी तेल, कारण सगळा हिशोब तिथेच चुकतो. एका ग्रॅमला ९ कॅलरी. सासूबाई फोडणीला पळीने तेल घालतात, मी डोळ्यांनी पाहून दोन मोठे चमचे धरायची, म्हणजे साधारण २७ ग्रॅम. एकदा तेलाची बाटलीच काट्यावर ठेवली, आकडा शून्य केला आणि फोडणीनंतर परत ठेवली. उणे ५२. वांग्याच्या एका भाजीत माझ्या वाट्याचा अंदाज ७५ कॅलरींनी कमी पडत होता, आणि दिवसाला तीन फोडण्या होतात. चमच्याने हे कधीच कळलं नसतं. शेंगाचटणीचंही तसंच. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५००च्या वर कॅलरी असतात आणि शिगोशीग चमचा सपाट चमच्याच्या दुप्पट सहज भरतो. वर कच्चं तेल घेत असाल तर तेही मोजा.

भाकरीला मात्र काटा लागत नाही. जोंधळ्याच्या पाच भाकऱ्यांचे गोळे मी वजन करून पाहिले : सगळ्यात लहान १०४ ग्रॅम, मोठा १३१. त्यात निम्मं पाणीच, म्हणजे फरक जेमतेम ४५ कॅलरींचा, आणि आज मोठी आली तर उद्या लहान येते. एकदाच पीठ मोजा. ३०० ग्रॅम पिठाच्या पाच भाकऱ्या झाल्या तर एकीला २०० कॅलरी धरा आणि पुढे नुसत्या भाकऱ्या मोजा. मेथी, दोडका, काकडी वाटीनेच घ्या. १०० ग्रॅम काकडीत २०च्या आतबाहेर कॅलरी, तिथे ग्रॅम मोजत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

तांदळात चूक होते ती कच्चा-शिजलेला या गोंधळात. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात साधारण ३५० कॅलरी, तेवढ्याच वजनाच्या भातात १३०च्या आसपास. ताटातला भात मोजून अ‍ॅपमध्ये कच्च्या तांदळाची नोंद निवडली, तर आकडा जवळपास तिप्पट होतो. एकत्र स्वयंपाक असेल तर रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा, कोरडे तांदूळ मोजा, शिजल्यावर भरलेलं पातेलं मोजा. मग आपल्या वाढणीचा हिशोब त्याच प्रमाणात निघतो.

वाटीचा खरा उपयोग घराबाहेर. खानापूरला लग्नाचं जेवण असलं की काटा कुठे नेणार? घरी आपली एक वाटी ठरवून तिच्यात भात किती बसतो, घट्ट वरण किती, पातळ आमटी किती, हे एकदा मोजून ठेवलं की पंगतीत अंदाज बराच जवळ जातो. कुंद्याला, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईला, मी खव्याच्या बर्फीचा आकडा धरते, आणि घरी असेन तर वजन करूनच घेते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी वाटीवर विसंबू नये, त्यांचं माप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच. आणि मोजमापामुळे जेवणाचीच धास्ती वाटू लागली, तर काटा कपाटात ठेवून द्यावा.

काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि पाच किलो पेलणारा बघा, म्हणजे पातेलंही मावतं. पहिले दोन आठवडे सगळं मोजा, मग वर सांगितलेल्या चार गोष्टीच. स्वतःचं वजन मीठ-पाण्याने दिवसात किलोभर हलतं, तेव्हा आठवड्याची सरासरी पाहा. तीन आठवडे ती खाली आली नाही, तर सगळ्यात आधी तेलाची बाटली परत काट्यावर ठेवा.